पाच माळांची गाडी

आमच्या घरात मोटारींची ओळख फुलांखालून झाली. इतर घरांतली मुलं गाडी रस्त्याने जाताना पाहायची, तिच्यामागे धावायची, धूळ खायची. मी मात्र गाडी उभी असताना पाहिली, हात लावून पाहिली, आणि तीही वरात निघायच्या दोन तास आधी, मामा तिच्यावर सुतळी ताणत असताना. कुठल्या गाडीला दोरा कुठे बसतो हे कळलं की गाडी कळली, असं आमचं शास्त्र होतं. बॉनेटच्या टोकावर धातूचा मेंढा असला की ती डॉज. त्याच्या शिंगांना गाठ अशी बसायची की वरात गावभर फिरून आली तरी तुरा हलत नसे. शिडाचं जहाज असलं की प्लिमथ. शीड गुळगुळीत, त्यावरून सुतळी घसरायची, म्हणून मामा त्या गाडीला शिव्या देतच हात घालायचा. ब्यूकच्या अंगाला ओळीने गोल कड्या, त्यांत झेंडूचं एकेक फूल दाबून बसवलं की काम झालं. स्टुडबेकरच्या तोंडावर विमानासारखं टोकदार नाक होतं आणि त्या नाकावर हार टिकवणं ही मामाच्या आयुष्यातली मोठी डोकेदुखी होती. मला अक्षरं यायच्या आधी ह्या गाड्या यायच्या.

माझ्या लहानपणीसुद्धा त्या म्हाताऱ्याच झाल्या होत्या. कापसाचे दिवस भरात होते तेव्हा सरकी काढायचे जिन चालवणाऱ्यांनी, संत्र्याच्या बागवाल्यांनी हौसेने घेतलेल्या त्या अमेरिकन गाड्या पुढे कोणाच्या टॅक्सी झाल्या, कोणाच्या गोठ्याशेजारी विटांवर उभ्या राहिल्या. पण लग्नसराई आली की त्यांना धुऊनपुसून बाहेर काढायचे. नवरदेव मोठ्या गाडीतच शोभतो असं अमरावतीत सगळ्यांचं मत होतं. आज कोणी मला जुना फोटो दाखवतं आणि विचारतं, "बाई, ही कोणती गाडी असेल?" तेव्हा ते गाडीचं नाव विचारत असतात आणि मी फुलांकडे पाहत असते. हार कुठून निघालाय, कुठे अडकलाय, कुठे झोल खाऊन खाली आलाय, एवढ्यावर खालचं लोखंड सांगता येतं. नातवाला ही जादू वाटते. त्याने माझं नाव कुठल्याशा मंडळींना सांगून ठेवलंय आणि ते लोक फोनवर फोटो पाठवून मला छळतात. मी कुरकुर करते, पण फोटो आला की चष्मा शोधते.

आमचं घर म्हणजे जुन्या गावातल्या एका अरुंद गल्लीत दोन खोल्या आणि समोर ओटा. मामा, मामी, आई आणि मी. ओट्यावर ओल्या पोत्यांखाली फुलं असायची. पहाटे शेवंती यायची तेव्हा घरभर गार, कडसर वास भरायचा आणि मामीने चुलीवर टाकलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वास त्यात मिसळायचा. अजूनही मला शेवंतीचा वास आला की भूक लागते. बाजाराच्या दिवशी मामा गिलावडा आणायचा, दह्यात पार भिजलेला, आणि आई आपल्यातला अर्धा माझ्या पानात सारून म्हणायची, "मले आंबट चालत नाई." तिला आंबट फार आवडायचं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. फुलं ओवताना ती दोरा दातात धरायची, आणि ओवणं संपलं की दोरा तुटल्याचा एक बारीक आवाज यायचा. दिवसभर घरात तो आवाज असायचा.

गावातल्या लग्नांचे निम्मे हार आईच्या बोटांखालून जायचे, पण लग्नघरात आई कधी गेली नाही. ती विधवा होती. कोणी तोंडावर तिला येऊ नको म्हटलं नसेल, पण म्हणायची वेळच ती येऊ देत नसे. टोपली भरून द्यायची आणि ओट्यावर बसायची. तिचे हात सगळीकडे चालत, ती चालत नसे. मला त्याचा राग यायचा आणि तो मी भलत्यावरच, बहुधा मामीवर, काढायची. बिचारी मामी ऐकून घ्यायची. आईच्या जागी मग मीच मामाबरोबर जाऊ लागले. मुलीच्या जातीने गाडीवर चढायचं म्हणजे काय, असं दोन-चार ठिकाणी ऐकलं, पण मी सडपातळ होते, हात लांब होते आणि माझी गाठ मामापेक्षा पक्की होती.

आता वडिलांचं सांगायला हवं. ते अकोल्याला एका जिनवाल्या शेठजींची गाडी चालवत. शेठजी दिलदार; ओळखीपाळखीत कोणाचंही लग्न असलं की गाडी आणि ड्रायव्हर पाठवून देत. त्या गाडीसोबत ते अमरावतीला येत, आमच्या घरची फुलं त्या गाडीवर चढत, आणि असंच चार-पाच फेऱ्यांनंतर मामाच्या मध्यस्थीने आईचं लग्न झालं. मी नऊ महिन्यांची असताना ते काविळीने गेले. त्यांचा एकच फोटो होता, लायसनवरचा. लायसनशिवाय ते गाडीला हात लावत नसत, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं असलं तरी खिसा चाचपून पाहत. ते गेले तेव्हा माझ्या दोघा काकांनी त्यांना ड्रायव्हरचा खाकी शर्ट घातला आणि लायसन त्यांच्या खिशात ठेवलं. भाऊ त्याच्याशिवाय कसा जाईल, असं त्यांना वाटलं. शर्टासकट, खिशासकट सगळं गेलं. तेराव्यानंतर आईने विचारलं तेव्हा काकांना कळलं की आपण काय केलं. धाकटे काका म्हणे भिंतीवर डोकं आपटून रडले. लहानपणी मला त्या दोघांचा भयंकर संताप यायचा. आता वाटतं, इतक्या मायेने झालेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

म्हणजे मला बापाचा चेहरा नव्हता. ज्यांना असतो त्यांना ह्यातलं काही कळायचं नाही. शाळेत कोणी विचारलं, तुझे बाबा कसे दिसायचे, तर मी रोज वेगळं सांगायची. एकदा मिशांचे, एकदा बिनमिशांचे. आईला विचारलं तर ती म्हणायची, "चांगले होते." "चांगले म्हंजे कसे वं?" तर म्हणायची, "आता कसे सांगू? उंच होते. बारीक होते. मनुष्यासारखे होते." आणि पुढे एकदा, मी खूपच खोदल्यावर, हळूच म्हणाली, "मलेबी आता बरोबर दिसत नाई व पोरी. डोळे मिटले का गाडी दिसते, ते दिसत नाईत." तोपर्यंत मला वाटायचं की चेहरा फक्त मला नाही, तिच्याजवळ आहे आणि ती देत नाहीये.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका लग्नघरात, बैठकीतल्या भिंतीवर, यजमानांच्या लग्नाचा फोटो पाहिला. फुलांनी मढवलेली मोठी काळी गाडी, पुढे नवरानवरी, आणि कडेला टोपी घातलेला ड्रायव्हर, अर्धा फोटोत आणि अर्धा बाहेर. मी हातातली फुलं तशीच घेऊन उभी राहिले. शेठजींची गाडी इतक्या लग्नांत गेली, तर इतक्या फोटोंत असणार. आणि गाडी असेल तिथे माझा बाप असणार. कोणाच्या तरी भिंतीवर, कोणाच्या तरी ट्रंकेत. फक्त ती गाडी कोणती हे ओळखता आलं पाहिजे. शेठजी वारले होते, त्यांचं कुटुंब गाडीसकट सगळं विकून केव्हाच निघून गेलं होतं. चेहरा माहीत नसलेला माणूस शोधायचा तर गाडीच्याच आधाराने शोधायचा होता.

त्या दुपारी घरी आल्या आल्या मी आईला धरलं. "बाबांची गाडी कोनती होती?"

"शेवरले," आई लगेच म्हणाली. मी चकित झाले, कारण बाकीचं तिला कधी लगेच आठवत नसे. "काळी. समोर तोंडात दात होते तिले. पाच. मी पाच माळा लावो, एकेका दाताले एक. मामा वर टपावर बांधे, तोंडाकडचं काम मायाच हाती. माये बोटं अजून विसरले नाईत." आणि तिने हवेत बोटं फिरवून पाच गाठी मारून दाखवल्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रहीममिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी आयुष्यभर ह्याच गाड्या उघडल्या होत्या. कानाशी हात नेऊन इंजिन ऐकत आणि रोग्याची नाडी पाहिल्यासारखे मान हलवत. मी त्यांना विचारलं तर ते खूश झाले. ह्या विषयावर विचारणारं कोणी उरलं नव्हतं. खडूने जमिनीवर गाडीचं तोंड काढून म्हणाले, "हे पाय बेटा. शेवरलेच्या जाळीत मधात आडवी पट्टी राह्यते, अन् पट्टीवर हे उभे दात. तीन दात असन त त्रेपनचं मॉडेल. पाच असन त चोपनचं. एका सालाचा फरक, पन तोंड पाह्यलं का समजते." मग जरा थांबून म्हणाले, "अकोल्याच्या शेठची गाडी मी दोनचारदा पाह्यली होती रस्त्यानं जाताना. मले त ते त्रेपनचीच वाटे."

"आई म्हन्ते पाच दात होते."

"मंग चोपन," मिस्त्रींनी लगेच हार मानली. "जिनं हार बांधले तिले जास्त ठाऊक. मी त दुरून पाह्यली."

तेव्हापासून मी घरोघर दात मोजत फिरले. दुसरा शब्दच नाही. हारांची टोपली घेऊन लग्नघरात शिरायची आणि कामाच्या गडबडीत भिंती पाहायची. जिथे भिंतीवर नसे तिथे घरच्या म्हाताऱ्यांना गोड बोलून अल्बम काढायला लावायची. अल्बम दाखवायला कोणाला आवडत नाही! काळ्या पानांवर चार कोपऱ्यांत खोचलेले फोटो, मध्ये पातळ जाळीचा कागद. तो कागद मी हळूच उचलायची आणि आधी गाडीचं तोंड पाहायची. डॉज सापडल्या, ब्यूक सापडल्या, एका घरात तर हत्तीवरून निघालेली वरात सापडली आणि घरमालकांनी त्या हत्तीची कुळकथा मला तासभर ऐकवली. तीन दातांच्या शेवरले दोन-तीन सापडल्या. त्या मी झटकन उलटल्या. पाच दातांची एकच मिळाली, वरूडच्या एका बागवाल्यांकडे, आणि तिच्या स्टिअरिंगमागे बसलेला ड्रायव्हर साठीचा, पांढऱ्या दाढीचा शीख माणूस होता. त्या रात्री मी जेवले नाही. आईने का म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि ती पदराआड हसली. मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

ह्याच काळात आम्हाला अकोल्याचं एक लग्न मिळालं. तिथल्या एका वकिलांच्या पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणत, मूळ अमरावतीच्या. पुतणीच्या लग्नाला फुलं माहेरचीच हवीत असा त्यांचा हट्ट. मामा आणि मी बडनेऱ्याहून पॅसेंजरने टोपल्या घेऊन गेलो. काकू ठसठशीत बाई, आवाज बैठकीतून रस्त्यापर्यंत जाणारा. मामाला म्हणाल्या, "माह्या लग्नातबी तुमच्याच घरची फुलं होती, नामदेवभाऊ. तो पाहा फोटो." मामा टोपल्या सोडवायला मांडवाकडे वळला होता, मी धावतच भिंतीपाशी गेले. काळी गाडी, समोरून घेतलेला फोटो, गाडीपुढे काकू आणि वकीलसाहेब, दोघंही कोवळे आणि घाबरलेले. मी जाळीत पाहिलं. माळांमधून दाताची टोकं दिसत होती. एक, दोन, तीन. मी मान वळवली आणि मांडवाच्या कामाला लागले. मागाहून मला हे फार लागलं. बापाला शोधत होते आणि फोटोतल्या बाकीच्या माणसांकडे पाहिलंसुद्धा नाही, जाळीतले दात मोजत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस रहीममिस्त्री आमच्या ओट्यापाशी आले. परतवाड्याच्या कोणा आजोबांनी नातवाची वरात जुन्याच गाडीतून काढायची असं ठरवलं होतं. गाडी मिस्त्रींकडे दुरुस्तीला होती, आणि तिथूनच सजवून न्यायची होती. "लग्नघरी जाचं कामच नाई," मिस्त्री म्हणाले. "गाडी मी इथंच आनतो गल्लीत. बाईनंच सजवावी या खेपेले." आईने मामाकडे पाहिलं, मामाने मान हलवली, आणि गाडी आली. शेवरले होती. निळ्या रंगाचा नवा हात मारलेली, तीन दातांची. गल्लीत ती भिंतीला अंग लावूनच मावली.

आई उठली. सतरा-अठरा वर्षांत तिने गाडीला हात लावला नव्हता. पदर खोचला, झेंडूच्या माळा हातावर घेतल्या आणि गाडीपुढे उकिडवी बसली. मी तिच्याकडे नुसती पाहत राहिले. घरात ती वाकलेली, दबलेली वाटायची; गाडीपुढे बसल्यावर तिचे खांदेच बदलले. तिने जाळीकडे नीट पाहिलंही नाही. माझ्याशी बोलता बोलता, मला शेवंती निवडून द्यायला सांगता सांगता हात चालू होते. एक माळ, दुसरी, तिसरी. मग जरा डावीकडे सरकून एक, उजवीकडे सरकून एक. दातात धरलेला दोरा तोडला आणि मागे सरून म्हणाली, "हे पाय, अशा. अशाच पाच लावो मी तुया बाबांच्या गाडीले."

मी म्हटलं, "माय, थांब. मोज बरं."

"काय मोजू वं? पाच हायेत."

"माळा पाच हायेत. दात मोज."

आई पुन्हा वाकली. माळा बोटाने बाजूला करत गेली. तीन झाले आणि चौथ्या माळेमागे तिचं बोट थांबलं. "मंग हे दोन कायले बांधले म्या?"

"गार्डाले, बाई," मिस्त्री म्हणाले. "बंपरचे खुंट होय ते. दात नाई."

आई खाली मातीतच बसली. "मी त आतापावतर दातच समजून राह्यली व माय," ती म्हणाली आणि हसू लागली, मिस्त्रीही हसले, मामाही हसला. मला हसू आलं नाही. माळा ओवणारी बाई माळा मोजते, लोखंड मोजत नाही, हे मला दीड वर्षापूर्वी सुचायला हवं होतं. आणि मग मला अकोल्याची बैठक आठवली. तीन दात, काळी गाडी, अकोल्याचा नवरदेव, आमच्या घरची फुलं. मी त्या फोटोतल्या माळा मनात मोजल्या. पाच. मी आईला म्हटलं, आपल्याला अकोल्याला जायचंय.

आई तयार होत नव्हती. वडील गेल्यावर तेराव्यानंतर मामाने तिला अकोल्याहून आणलं, त्यानंतर तिने त्या गावाकडे तोंड केलं नव्हतं. चार दिवस ती काही ना काही काढत राहिली. फुलांचे दिवस आहेत, मामीला बरं नाही. शेवटी म्हणाली, "अन् त्या फोटोत ते नसले त?" मी म्हटलं, नसले तर परत येऊ. "अन् असले त?" असंही तिने विचारलं, आणि हे विचारताना तिचा आवाज जास्त घाबरलेला होता. पाचव्या दिवशी पहाटे उठून पाहते तो आई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली, शेजारी केळीच्या पानात बांधलेली शेवंती. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून.

आगगाडीत ती खिडकीशी बसली. मूर्तिजापूरला मी चहा घेतला, तिने घेतला नाही. काळी माती उन्हात भेगाळून पडली होती आणि ती तिकडे पाहत होती. काकूंच्या दाराशी गेल्यावर मी आत शिरले आणि मागे वळून पाहते तर आई उंबऱ्याबाहेर. फुलांचा पुडा तिने तिथूनच पुढे केला. मी काकूंना सगळं सांगितलं, दात, माळा, लायसन, सगळं एका दमात. काकू ऐकत होत्या आणि त्यांची नजर माझ्यावरून दाराकडे गेली.

"आत ये ना वं बाई," त्या म्हणाल्या.

"इथंच बरी हाये मी. फोटो भाईर आनता काय जरासा?"

"तो फोटो मी लग्नापासून भिंतीवरून उतरवला नाई, अन् उतरवतबी नाई," काकू त्यांच्या त्या रस्त्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या. "पाहाचा असन त आत ये." आणि पुढे होऊन त्यांनी आईचं मनगट धरलं. आईने पायातल्या वहाणा काढल्या, उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि आत आली. काकूंचे उपकार मी मोजत बसले तर हे पहिलं मोजीन.

फोटोसमोर उभं राहिल्यावर आईने गाडीकडे पाहिलंच नाही. ती थेट डाव्या कडेला गेली. तिथे गाडीच्या दाराशी एक पोरगा उभा होता. पोरगाच म्हणायला हवं. फार तर बावीस वर्षांचा. अंगात खाकी शर्ट, टोपी काखेत मारलेली, एक हात मडगार्डवर असा ठेवलेला जसा कोणी घरच्या बैलाच्या पाठीवर ठेवतो. बारीक, उंच, मिशी जेमतेम. आणि कान माझे. दोन्ही कान हुबेहूब माझे, जरा जास्तच बाहेर आलेले. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने "बाबा" म्हणाले, आणि तो शब्द मला कोणा दुसऱ्याच्या तोंडचा वाटला. आईने बोट काचेवर ठेवलं होतं, चेहऱ्यावर नव्हे, त्या मडगार्डवरच्या हातावर.

"हेच ना वं?" मी विचारलं. तिने मान हलवली.

मला आनंद झाला होता आणि त्यात एक बारीकशी टोचणी होती. फोटोत सगळे सरळ समोर पाहत होते. नवरा, नवरी, मागची वऱ्हाडी मंडळी, कडेवरची पोरंसुद्धा. एकटे माझे वडील समोर पाहत नव्हते. त्यांचा चेहरा जरा वळलेला होता, डावीकडे, फोटोच्या बाहेर. एवढ्या वर्षांनी बाप सापडला आणि तो माझ्याकडे पाहतच नाही, असं मला झालं. मी म्हटलं, "पन हे तिकडं काहून पाहून राह्यले?"

आईने त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. माझ्या आईला लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तिकडं मी होती," ती म्हणाली.

काकू जवळ सरकल्या.

"फुलाचं टोपलं घेऊन गाडीजोळच उभी होती मी. फोटोवाला म्हने, टोपलं येऊन राह्यलं मधात, सरक. मी सरकली, तिकडं भिंतीपाशी." तिचं बोट फोटोच्या कडेवरून पुढे, चौकटीच्या लाकडावर गेलं आणि तिथे थांबलं. "तवा आमचं काईच नोतं व. बोलनं नोतं. मले त त्यायचं नावबी मालूम नोतं. मले जलमभर वाटे, तुया मामानं गळ घातली म्हनून हो म्हटलं त्यायनं."

काकूंनी आईला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि आतून कढीगोळ्यांची ताटं आणली. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आईने त्या घरात बसून, पंगतीत बसावं तसं बसून, पोटभर खाल्लं.

फोटो त्यांच्या भिंतीवरून उतरला. काकूंनी स्वतःच उतरवला आणि आमच्याबरोबर फोटोवाल्याकडे आल्या. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, प्रत निघेल, ड्रायव्हरचा भाग मोठा करून देतो. त्याने पेन्सिलीने आखून दाखवलं, नुसता चेहरा, गळ्यापर्यंत, चांगला पासपोर्टासारखा. आई म्हणाली, "असा नोका कापू. गाडीबी राहू द्या, अन् डाव्या अंगची जागाबी राहू द्या."

"तिकडं काईच नाई ना बाई," तो म्हणाला. "माती हाये अन् भिंतीचा कोना हाये. उगाच फोटो वाकडा वाटन."

"वाटू द्या," आई म्हणाली.

तसाच तो फोटो आमच्याकडे आला. उजवीकडे शेवरलेचं मडगार्ड आणि दोन माळा, मध्ये वडील, आणि डावीकडे वीतभर रिकामी जमीन. येणारा-जाणारा म्हणायचा की फोटोवाल्याला काही अक्कल नव्हती. आई कोणाला काही सांगत नसे. त्या फोटोखाली बसून ती आणखी तीस-पस्तीस वर्षं फुलं ओवत राहिली. शेवटी शेवटी तिची नजर गेली तेव्हा ती मला विचारायची, "हायेत ना वं तिकडंच पाहून राह्यलेले?" आणि मी म्हणायची, "हायेत."

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी माझा मुलगा तिचा मोठा करून आणलेला फोटो, खिळा आणि हातोडी घेऊन भिंतीपाशी उभा राहिला. आजोबांच्या फोटोच्या डावीकडे लावू का, म्हणाला, म्हणजे ते आजीकडे पाहतील. मी त्याला तो फोटो दुसऱ्या भिंतीवर लावायला सांगितलं. त्याला कळेना. मग मी त्याला जवळ बोलावलं, ती माती आणि भिंतीचा कोना दाखवला आणि म्हटलं, आजी इथे आधीपासून उभी आहे.